अंबड-सातपूरच्या जॉबवर्कसाठी वेबसाइट: आराखडा बदलत जातो तेव्हा काम चालू कसं ठेवायचं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकच्या अंबड, सातपूर औद्योगिक वसाहतींत जॉबवर्क (ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून भाग बनवून देणं) करणाऱ्या छोट्या वर्कशॉपांत मशीनचे तास रिकामे जातात, आणि त्याच वेळी चार गल्ल्या पलीकडे एखादा पर्चेसवाला "व्हीएमसीचा अर्जंट जॉब आहे, मशीन मोकळं आहे का" म्हणून फोनवर फोन लावत असतो (व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन). या दोघांची गाठ घालून देणारी वेबसाइट काढावी, हा विषय इथे वरचेवर निघतो आणि दर वेळी कल्पना बरी की वाईट यावरच चर्चा अडकते. इथे ते बाजूला ठेवू. काम सुरू झालंय, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळलं की आराखडा बदलायला हवा. तिथून पुढचं बोलू.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना धरू. तीन जण, तिघांच्या नोकऱ्या चालू, प्रत्येकाचे आठवड्याला १० तास. भांडवल दीड लाख. १२ आठवड्यांत साइट लोकांसमोर. यादीत आहे: वर्कशॉपची नोंदणी, ग्राहकाची नोंदणी, ड्रॉइंग अपलोड, ऑनलाइन बोली, ऑनलाइन पैसे, रेटिंग, अँड्रॉइड ॲप, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा.

३० तास गुणिले १२ म्हणजे ३६० तास. फोन, भेटी, कागदपत्रं यांत एक तृतीयांश तरी जाणार. उरले २४०. एवढ्या यादीला ते पुरणार नाहीत हे उघड आहे. मग काय कापायचं, कोणत्या क्रमाने, आणि कापताकापता तिघांतला एखादा गळणार नाही यासाठी काय करायचं?

पर्चेसडेस्क

सगळ्यात आधी ऑनलाइन पैसे काढा. जॉबवर्कचा धंदा उधारीवर चालतो. माल गेला, तपासणी झाली, बिल पास झालं, मग ३० ते ९० दिवसांनी पैसे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याची अट आयकराला जोडल्यापासून मोठे ग्राहक थोडे सरळ झालेत, पण आगाऊ पैसे कार्डाने भरून जॉब टाकणारा पर्चेसवाला तुम्हाला भेटणार नाही. त्याच्याकडे पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) निघते आणि पैसे अकाउंट्सवाले सोडतात. पेमेंटचं बटण दाबायचा अधिकारच त्याला नसतो.

दुसरी काढायची ती उघडी बोली. शेजारच्याला आपला दर दिसणार असेल तर एकही चांगला वर्कशॉपवाला खरा दर टाकणार नाही. आणि दर एका आकड्यात सांगताही येत नाही. उदाहरण घ्या: मशीनचा तासाचा दर ५०० रुपये, सेटिंगला २ तास, एका नगाला १२ मिनिटं. १० नग असतील तर सेटिंगचे २ आणि मशिनिंगचे २ असे ४ तास, म्हणजे २,००० रुपये, नगाला २०० पडले. तोच जॉब १०० नगांचा असेल तर २ अधिक २० असे २२ तास, ११,००० रुपये, नगाला ११०. ड्रॉइंग तेच, दर जवळपास निम्मा. त्यामुळे "नगाला किती?" एवढाच रकाना ठेवलात तर येणारे सगळे आकडे निरुपयोगी असतील. नगसंख्या आणि हा जॉब पुन्हा येणार का, हे दोन प्रश्न ड्रॉइंगइतकेच महत्त्वाचे.

हिशेबनीस

पैशांच्या मुद्द्यावर कराची बाजूही बघा, कारण त्यावरून साइटचं अख्खं रूप ठरतं.

ग्राहकाचे पैसे तुम्ही घेऊन वर्कशॉपला पुढे देणार असाल तर जीएसटी कायद्याच्या कलम ५२ खाली तुम्हाला टीसीएस (वर्कशॉपला पैसे देताना कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो. १० जुलै २०२४ पासून त्याचा दर ०.५ टक्के आहे. एकदा तो लागू झाला की तुमची उलाढाल शून्य असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची, आणि दर महिन्याचं जीएसटीआर-८ विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. शिवाय दुसऱ्यांचे पैसे स्वतःच्या चालू खात्यात जमवून वाटणं हे रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट ॲग्रिगेटरच्या (दुसऱ्यांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्यांच्या) नियमांत अडकतं. ते करायचंच असेल तर परवानाधारक गेटवेची पैसे विभागून देणारी सोय वापरावी लागते आणि तिथे प्रत्येक वर्कशॉपचं केवायसी करावं लागतं.

याउलट फक्त चौकशी पोचवून वर्कशॉपकडून वर्गणी घेतली तर तुम्ही साधे सेवा देणारे. आपल्या राज्यात सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. वर्कशॉपांकडे जीएसटी असतो, त्यांना भरलेल्या कराचं क्रेडिट हवं असतं, म्हणून पुढे स्वेच्छेने नोंदणी करावीशी वाटेल. ते नंतर.

मालाच्या ने-आणीत तर अजिबात पडू नका. ग्राहकाचं मटेरियल जॉबवर्कला जातं ते डिलिव्हरी चलानवर, आणि एक वर्षाच्या आत परत यावं लागतं. ते नातं ग्राहक आणि वर्कशॉप या दोघांमधलं. "पिकअप आम्ही करू" असं एखादा आपुलकीने सुचवतो आणि मग चलानवर नाव कोणाचं, वाटेत माल खराब झाला तर जबाबदार कोण, असे प्रश्न उभे राहतात.

सिडकोकर

पैसे काढले, बोली काढली, ॲपही काढा म्हणाल. मग राहिलं काय? एक फॉर्म? एवढ्यासाठी कोण येईल?

पर्चेसडेस्क

@सिडकोकर, फॉर्मसाठी कोणी येत नाही. "आज ड्रॉइंग टाकलं, उद्या संध्याकाळपर्यंत तीन कोटेशन हातात" यासाठी येतात. ते वचन पाळायला पहिल्या महिन्यात एक फॉर्म, एक शीट आणि एक फोन पुरतो. फॉर्म मात्र नीट हवा. त्यात काय विचारायचं ते लिहितो.

मटेरियलचा ग्रेड: एमएस, ईएन८, ईएन२४, एसएस ३०४, ॲल्युमिनियम ६०६१ अशी यादी द्या आणि शेवटी "इतर". मटेरियल ग्राहक देणार की वर्कशॉपने आणायचं. नगसंख्या. पुन्हा येणारा जॉब की एकदाच. सर्वांत घट्ट टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती: हा एक रकाना वर्कशॉपची यादी निम्म्यावर आणतो, कारण ०.०५ मिमी सगळे देतील, ०.०१ मिमीला मशीनही लागतं आणि मोजायची साधनंही. हीट ट्रीटमेंट हवी का, हवी तर एचआरसी (कडकपणा) किती. प्लेटिंग किंवा ब्लॅकनिंग. तपासणी अहवाल हवा का. तारीख.

वर्कशॉपच्या बाजूने विचारायचं ते वेगळं. "आमच्याकडे २ व्हीएमसी" याला अर्थ नाही. ट्रॅव्हल (मशीन तिन्ही दिशांना किती मिमी सरकतं) किती, म्हणजे ८०० × ५०० × ५०० की मोठं, फोर्थ ॲक्सिस (जॉब फिरवणारा चौथा अक्ष) आहे का, टर्निंगला जास्तीत जास्त व्यास आणि लांबी, बारची क्षमता, लेझरला एमएसची आणि एसएसची जाडी वेगवेगळी. हे फोनवर विचारून तुम्ही स्वतः भरा. वर्कशॉपवाला मशीनवर उभा असतो, तो वीस रकाने भरत बसणार नाही.

प्रत्येक चौकशी फक्त तिघांना पाठवा. दहा जणांना पाठवली तर नऊ जणांची मेहनत वाया जाते आणि तिसऱ्या वेळेला ते उत्तरच देत नाहीत. अशा साइट बंद पडतात त्या बहुधा इथेच.

सर्व्हरखोली

तांत्रिक बाजूने, आराखडा बदलला की काम थांबायचं कारण एकच असतं: हातातलं काम इतकं मोठं असतं की ते अर्धवट टाकता येत नाही आणि पुरंही होत नाही. म्हणून दोन दिवसांत लोकांसमोर जाऊ शकत नाही असं कोणतंही काम यादीत घेऊ नका. "नोंदणी पूर्ण करणे" हे काम नाही. "मोबाइल नंबर घेऊन नाव साठवणे" हे काम आहे.

आता जिथे हमखास अडतं ते सांगतो.

ड्रॉइंग अपलोड: एनजिनएक्स या वेबसर्व्हरमध्ये विनंतीच्या आकाराची मर्यादा मुळात १ एमबी असते. ३ एमबीचं पीडीएफ टाकलं की ४१३ एरर. ती वाढवली की साइटचा कोड चालवणारं पीएचपी अडवतं, कारण तिथे एका फाइलची मर्यादा २ एमबी आणि पूर्ण फॉर्मची ८ एमबी असते. तिन्ही ठिकाणी २५ एमबी करा. स्टेप फाइलला (थ्रीडी मॉडेलला) एवढं लागतंच. आणि एरर आला तर "फाइल मोठी आहे, व्हॉट्सॲपवर पाठवा" हा नंबरासकट संदेश दिसू द्या. नाहीतर चौकशी गेली आणि तुम्हाला कळलंसुद्धा नाही.

ड्रॉइंगची गुप्तता: हा इथला सर्वांत नाजूक भाग. ड्रॉइंग बहुतेक वेळा ग्राहकाच्या ग्राहकाचं असतं. फाइल सर्व्हरच्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवून लांबलचक नावावर विसंबू नका. खासगी स्टोरेजमध्ये ठेवा आणि १५ मिनिटांत मुदत संपणारी लिंक द्या. कोणी कधी उघडली याची नोंद ठेवा. पर्चेसवाल्याला ही नोंद दाखवता आली तर तो दुसरं ड्रॉइंग टाकतो.

डेटाबेस: माय-एसक्यूएल असेल तर पहिल्या दिवसापासून यूटीएफ८एमबी४ (मराठीसकट सगळी अक्षरं आणि इमोजी नीट साठवणारा अक्षरसंच) ठेवा. रकाने बदलायचे तर दोन टप्प्यांत. आधी नवीन रकाना जोडा, जुना डेटा भरा, कोड नव्यावर न्या. जुना रकाना पुढच्या आठवड्यात काढा. एकाच दमात केलं आणि कोड मागे घ्यावा लागला तर मागे जायला जागा उरत नाही.

बॅकअप रोजचा, वेगळ्या सेवादात्याकडे, आणि महिन्यातून एकदा तो खरोखर दुसऱ्या मशीनवर उतरवून बघायचा. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नका.

खर्च: डोमेन वर्षाला हजाराच्या आसपास, मुंबईच्या डेटासेंटरमधला छोटा सर्व्हर महिना हजाराच्या आसपास. साइटचं सुरक्षा (एचटीटीपीएस) सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं फुकट, फक्त आपोआप नूतनीकरण चालतंय का ते तपासा. दीड लाखांतले पैसे सर्व्हरवर जायला नकोत. पेट्रोल, फोन आणि एका चांगल्या मशिनिंगवाल्या माणसाच्या सल्ल्यावर जाऊ द्या.

शनिवारपेठ

@सर्व्हरखोली यांच्या दोन दिवसांच्या नियमाला जोडून: आपल्या हातात नसलेल्या तारखा पहिल्याच आठवड्यात सुरू करा. गती बहुतेकदा तिथेच मरते, कोडमध्ये नाही.

एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी पोर्टलवर) संस्थेची नोंदणी, मग हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), मग प्रत्येक मजकुराचा साचा मंजूर. मंजूर साच्यात आणि पाठवलेल्या मजकुरात एका विरामचिन्हाचा फरक असला तरी संदेश पोचत नाही, आणि कधी कधी तुमच्या पॅनेलवर "पाठवला" असंच दिसतं. मराठी एसएमएसची मर्यादा ७० अक्षरं, इंग्रजीची १६०. "आपली चौकशी मिळाली असून लवकरच संपर्क साधण्यात येईल" यात नाव आणि क्रमांक घातला की दोन संदेशांचे पैसे लागतात. मजकूर आखूड लिहा. मात्रा आणि जोडाक्षरातला हलन्तही अक्षर म्हणून मोजला जातो, हे लक्षात ठेवा.

ॲपचं सांगायचं तर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले स्टोअर खात्याला आधी १२ परीक्षकांसह सलग १४ दिवस बंद चाचणी करावी लागते. ॲप आत्ता नको हे बरोबर, पण वर्षभरात हवंच असेल तर खातं कोणाच्या नावाने उघडायचं हे आत्ताच ठरवा. कंपनीच्या खात्याला ही अट नाही, पण त्याला कागदपत्रं लागतात.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगाची नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट दिसतात, तिकडे जाऊ नका. बँकेचं चालू खातं त्यानंतर. ईमेलसाठी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरोखर तुमच्याकडूनच आला हे सिद्ध करणाऱ्या नोंदी) डोमेन घेतल्या दिवशीच लावा, कोटेशनचा मेल स्पॅममध्ये गेला तर आख्खं वचनच मोडलं.

गोदाकाठ

कापाकापी पटली. आता मूळ प्रश्न. बदल करायचा हे ठरवायचं कधी? रोज कोणीतरी काहीतरी सुचवतं. वर्कशॉपवाला म्हणतो "मशीन विकायची सोय द्या", पर्चेसवाला म्हणतो "मटेरियलचे भाव दाखवा". प्रत्येक सूचना ऐकली तर दिशा राहत नाही, एकही ऐकली नाही तर लोक तुटतात.

आठवडीबैठक

याला शिस्त एकच: बदलाचा निर्णय आठवड्यातून एका ठरलेल्या वेळी, आणि त्याआधी लिहून ठेवलेल्या आकड्यावर.

सूचना आली की ती शीटमध्ये टाका: तारीख, कोणी सांगितलं (वर्कशॉप की ग्राहक), त्यांच्याच शब्दांत काय, आणि ते आत्ता हे काम कसं भागवतात. चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा. "मशीन विकायची सोय द्या" म्हणणाऱ्याने आत्ता मशीन विकायला काही हालचालच केलेली नसेल, तर ती गरज नाही, गप्पा आहेत. "पेंडिंग कोटेशनसाठी तीन वेळा फोन करावा लागतो" म्हणणारा मात्र आत्ता वेळ घालवतोय. त्याचं ऐका.

आकडे तीनच बघा. पहिला, आलेल्या चौकशांपैकी किती चौकशांना २४ तासांत किमान दोन कोटेशन मिळाली. दुसरा, कोटेशन मिळालेल्यांपैकी किती जणांनी खरंच पीओ काढली. तिसरा, ज्याने एकदा चौकशी टाकली त्याने ३० दिवसांत पुन्हा टाकली का. साइटला भेटी किती, नोंदणी किती, हे बैठकीत बोलूच नका. दोनशे वर्कशॉप नोंदवता येतात, फुकट आहे म्हटल्यावर कोणीही नाव देतं. त्याने पोट भरत नाही.

आता आधीच लिहून ठेवा: पहिला आकडा सलग दोन आठवडे निम्म्याखाली राहिला तर नवीन काही बनवायचं नाही, वर्कशॉपची यादी आणि प्रक्रिया अरुंद करायची. म्हणजे टर्निंग, ग्राइंडिंग, वायरकट, लेझर सगळं बाजूला, फक्त व्हीएमसी, तेही फक्त अंबड. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल तर दोष दरात किंवा चुकीच्या जोडणीत आहे, साइटमध्ये नाही. त्या प्रत्येक ग्राहकाला फोन करून जॉब शेवटी कोणाला गेला ते विचारायचं. दोन्ही चांगले आणि तिसरा वाईट असेल तर जरा सावध व्हा: बहुधा त्यांनी वर्कशॉपवाल्याचा नंबर घेऊन पुढचं काम थेट दिलं.

सिडकोकर

हे शेवटचं तर होणारच ना? एकदा ओळख झाली की मधल्याची गरज काय? नंबर लपवावे का?

आठवडीबैठक

लपवू नका. अंबडमध्ये कोणाचा नंबर लपत नाही, चहाच्या टपरीवर मिळतो. थेट काम जाणार हे धरूनच पैसे कशाचे घ्यायचे ते ठरवा. म्हणून प्रत्येक ऑर्डरवर कमिशन हा मार्ग इथे चालणार नाही, असं माझं ठाम मत आहे. वर्कशॉपकडून महिन्याची ठरावीक वर्गणी घ्या, आणि त्या बदल्यात महिन्याला निदान अमुक इतक्या जुळणाऱ्या चौकशा.

पर्चेसडेस्क

इथे मी थोडा वेगळा आहे. पहिल्या महिन्यात वर्गणी मागितली तर तुम्ही चौकशा न देता पैसे मागताय असंच वाटेल. आधी प्रति चौकशी रक्कम ठेवा, तीही वर्कशॉपने "हा जॉब माझ्या मशीनवर बसतो" असं सांगितल्यावरच. चुकीची जोडणी असेल तर पैसे नाहीत. यात तुमचीच जोडणी सुधारते, कारण प्रत्येक चुकीच्या चौकशीला तुमचं नुकसान होतं. तीन-चार महिन्यांनी त्याच वर्कशॉपला वर्गणी स्वस्त पडते हे त्यालाच हिशेबाने दिसेल, तेव्हा तो स्वतः विचारेल.

आठवडीबैठक

मान्य, सुरुवातीला हेच बरं. फक्त फुकट ठेवू नका, हा आग्रह कायम. दहा रुपये देणारा वर्कशॉपवाला खरी तक्रार करतो, फुकटवाला नुसता गप्प बसतो.

सर्व्हरखोली

तिघांच्या गतीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आठवड्याचा साचा असा ठेवा. सोमवारी रात्री अर्धा तास: प्रत्येकी एकच काम, जास्तीत जास्त दोन. बुधवारी जे तयार असेल ते लोकांसमोर. काही तयार नसेल तर एक चुकलेला शब्द दुरुस्त करून तरी बुधवार पाळा. शुक्रवारी रात्री काही चढवू नका, कारण शनिवारी-रविवारी तुम्ही मोकळे असता पण बिघाड शोधताना विचारायला कोणी जागेवर नसतं. शनिवारी बैठक, आकडे, बदल.

तिघांपैकी एकाने फक्त फोन आणि भेटी सांभाळाव्यात, कोड लिहू नये. दर आठवड्याला आठ तास. हे काम "वेळ मिळेल तसं" ठेवलं की होत नाही, कारण कोड लिहिणं आरामाचं असतं आणि अनोळखी माणसाला फोन करणं नाही.

एकाला आठवडा जमणार नसेल तर सोमवारीच सांगावं आणि त्याचं काम पुढे ढकलावं, दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये. लोक गळतात ते कामाच्या ओझ्याने कमी आणि इतरांच्या मूक नाराजीने जास्त.

शनिवारपेठ

नाशिकचं कॅलेंडरही आराखड्यात धरा. मार्चमध्ये वर्कशॉपवाला डिस्पॅचमध्ये बुडालेला असतो, नवीन काही ऐकायला त्याला वेळ नाही. पण मशीन अपुरं पडणाऱ्या ग्राहकासाठी हाच महिना सोन्याचा. म्हणजे मार्चमध्ये ग्राहक गाठा, वर्कशॉप फेब्रुवारीतच जोडून ठेवा. दिवाळी ते छठ या दरम्यान कारागीर गावी गेलेले असतात, त्या काळात २४ तासांचं वचन देऊ नका, साइटवर तसं स्पष्ट लिहा. २०२७च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांना शहरातली वाहतूक वळवली जाईल, त्या आठवड्यांत डिलिव्हरीच्या तारखा सैल ठेवा.

सिडकोकर

शेवटचा प्रश्न. बोली आणि पेमेंटचा कोड अर्धा लिहून झाला असेल तर त्याचं काय करायचं? टाकवत नाही.

सर्व्हरखोली

वेगळ्या शाखेत (गिटच्या ब्रँचमध्ये) ठेवा, त्यावर तारीख आणि "का थांबवलं" हे चार ओळींत लिहा, आणि मुख्य कोडमधून पूर्ण काढा. कॉमेंट करून आत ठेवू नका, बंद बटणामागेही ठेवू नका. प्रत्येक नवीन बदलाला तो अडथळा करतो आणि चाचणीत वेळ खातो. सहा महिन्यांनी बोली हवीच झाली तर जुना कोड उघडून वाचा, पण लिहा नव्याने. तोवर तुमचे डेटाबेसचे रकाने बदललेले असतील.

पर्चेसडेस्क

@शनिवारपेठ यांच्या कॅलेंडरमध्ये खंडेनवमी आणि दसरा राहिला. मशीन पुसून, हार घालून पूजा असते, स्पिंडल बंद, आणि मालक स्वतः हजर, निवांत. एरवी दहा मिनिटं न देणारा माणूस त्या दिवशी पेढा देऊन मशीन दाखवतो. ट्रॅव्हल, फोर्थ ॲक्सिस, मोजायची साधनं, सगळं तिथेच उभ्याने शीटमध्ये भरून घ्या आणि मशीनवरच्या माहितीच्या प्लेटवरच्या मॉडेल नंबरचा फोटो काढा. कित्येकदा फोनवर सांगितलेलं ट्रॅव्हल आणि प्लेटवरचं वेगळं निघतं, आणि जोडणी प्लेटवरच्या आकड्यावरच करायची असते.